जुनी स्काडा कधी बदलायची? वय बघू नका, परत उभी करायला किती तास लागतात ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहकारी साखर कारखाना, रोजचं गाळप ५००० टन, बॉयलर आणि मिल हाऊसची स्काडा (ऑपरेटरला प्लांट स्क्रीनवर दाखवणारी आणि तिथून चालवू देणारी कॉम्प्युटर सिस्टीम) २००७ सालची, विंडोज एक्सपीवर चालते, खाली सीमेन्सचे एस७-३०० पीएलसी (मशिनरी प्रत्यक्ष चालवणारे कंट्रोलर). विचारणारे तिथले इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. पुरवठादाराने पत्र दिलंय की सगळं जुनं झालं, पीएलसीसकट बदला, आकडा ७० लाखाच्या आसपास. एमडी साहेब म्हणतात चालतंय ना, मग हात कशाला लावायचा. तर अपग्रेड नेमकं कधी करावं, याला काही नियम आहे का.

नियम आहे, पण तो वर्षांचा नाही. मी २४ वर्षं हेच काम करतोय, साखर कारखाने, केमिकल, फौंड्री सगळीकडे, आणि एवढ्या वर्षात मी एकाच प्रश्नावर येऊन थांबलोय. आज रात्री तो स्काडाचा पीसी मेला तर किती तासात परत उभा राहील? आणि जो आकडा तुम्ही सांगाल तो कधी करून बघितलाय का नुसता अंदाज आहे? करून बघितलेला आकडा तुमच्या कारखान्याला झेपणारा असेल तर सिस्टीम १८ वर्षांची असो की २५, तुमच्याकडे वेळ आहे, निवांत प्लॅन करा. आकडा झेपणारा नसेल किंवा माहीतच नसेल तर पाच वर्षं जुनी सिस्टीमसुद्धा धोक्यात आहे.

हे मी का म्हणतो ते सांगतो. एका कारखान्यात, नाव नको, जानेवारीत रात्री दीडच्या सुमारास फोन आला की स्क्रीन निळी झाली आणि पीसी चालू होत नाही. मी पोचलो तेव्हा सकाळ झालेली. कॅबिनेट उघडलं तर ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क, कानाजवळ नेली की टिक टिक टिक असा ठराविक आवाज, म्हणजे हेड गेलेलं. आता बॅकअप. बॅकअप होता, कपाटात, सीडीवर, वरती स्केच पेनने तारीख पण लिहिलेली, सगळं व्यवस्थित. सीडी घातली तर निम्म्या फाइल वाचतेय आणि नंतर अडकतेय, इतक्या वर्षांत सीडीचा थरच खराब झालेला. दुसरा प्रॉब्लेम लायसन्सचा. त्या काळात लायसन्स फ्लॉपीवर यायचं, ते डिस्कवर चढवलं की फ्लॉपी रिकामी, म्हणजे लायसन्स आता त्या मेलेल्या डिस्कमध्येच. तिसरं म्हणजे ज्या माणसाने ते प्रोजेक्ट बनवलं त्याची कंपनी बंद होऊन सहा वर्षं झालेली.

आता यात एक गोष्ट समजून घ्या कारण एमडी साहेबांना समजावताना ती लागेल. स्काडा मेली म्हणून प्लांट लगेच मरत नाही. कंट्रोल पीएलसीत असतो, तो त्याचं काम करत राहतो, इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की मशीन आपोआप थांबवणाऱ्या अटी, चालू असतात. पण ऑपरेटर आंधळा होतो. सेटपॉइंट बदलता येत नाही, अलार्म दिसत नाही, ट्रेंड नाही. त्या रात्री बॉयलरच्या गेज ग्लाससमोर एक माणूस उभा केला, तो वॉकीटॉकीवर ड्रम लेव्हल (बॉयलरमधल्या पाण्याची पातळी) ओरडून सांगायचा आणि दुसरा हाताने व्हॉल्व्ह धरून. असा बॉयलर कोणी शहाणा फायरमन जास्त वेळ चालवत नाही, लोड कमी केला, मग मिल कमी, मग बंद. यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग मेन रोडपर्यंत. एकूण ३१ तास. त्यात खरं दुरुस्तीचं काम सात-आठ तासांचंच होतं, बाकी वेळ फाइल शोधण्यात, लायसन्ससाठी फोन करण्यात आणि तसला पीसी कुठे मिळतोय ते बघण्यात गेला.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो ते अपग्रेडचं नाहीच. रिस्टोअर करून बघा. हंगाम बंद असताना एक दिवस काढा, घड्याळ लावून. चालू डिस्कची पूर्ण इमेज घ्या, क्लोनझिला फुकट आहे, चांगलं चालतं. मग मूळ डिस्क काढून, पुठ्ठ्यात गुंडाळून, नाव घालून बाजूला ठेवा आणि वेगळ्या डिस्कवर ती इमेज चढवा. आयडीई डिस्क नवीन मिळत नाही, साटा टू आयडीई कन्व्हर्टर किंवा इंडस्ट्रियल फ्लॅश लावा. आता पीसी चालू करा. पीएलसीशी बोलतोय का? लायसन्स ओळखलं का? शिफ्ट रिपोर्ट प्रिंट होतोय का? मग त्याच्या पुढची पायरी, जी कोणीच करत नाही, ती म्हणजे हीच इमेज दुसऱ्या पीसीवर चढवायची, कारण उद्या डिस्क नाही तर मदरबोर्ड जाणार आहे, त्या वयाच्या बोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतात, कॅबिनेट उघडून नुसतं बघितलं तरी दिसतात. दुसऱ्या पीसीत एक्सपीला साटा डिस्क दिसत नाही, बायोसमध्ये आयडीई मोड करावा लागतो. कम्युनिकेशन कार्डाला पीसीआय स्लॉट लागतो, नवीन पीसीत तो नसतो. लायसन्सचा डोंगल प्रिंटर पोर्टचा असेल तर तो पोर्ट कुठून आणणार. हे सगळं तुम्हाला मे महिन्यात दुपारी चहा पिता पिता कळलं पाहिजे, जानेवारीत रात्री दोन वाजता नाही.

या टेस्टमधून जे निघेल त्यावर निम्मा निर्णय आपोआप होतो. चार तासात दुसऱ्या पीसीवर उभं राहिलं, तर तुम्ही दोन-तीन हंगाम विकत घेतले. नाही राहिलं, तर स्काडाचा अपग्रेड याच ऑफ सीझनला, यावर चर्चा नको.

आता पत्राबद्दल. पुरवठादाराने सगळं एका गाठोड्यात बांधून दिलंय, ते गाठोडं आधी सोडवा. पीसी, विंडोज, स्काडा सॉफ्टवेअर, मधलं कम्युनिकेशन, पीएलसी सीपीयू, आयओ कार्ड (सेन्सर आणि व्हॉल्व्हच्या वायरी जिथे जोडतात ती), हे सगळं वेगवेगळ्या वेगाने म्हातारं होतं. पीसी सगळ्यात आधी मरतो. आयओ कार्ड आणि वायरिंग सगळ्यात शेवटी. आणि पैसा मात्र नेमका पीएलसी-आयओ बदलण्यातच सगळ्यात जास्त जातो, धोकाही तिथेच जास्त, कारण हजार-बाराशे वायरी सोडून परत लावायच्या असतात.

एस७-३०० बद्दल बाजारात उगाच घबराट आहे. सीमेन्सने २०२३ मध्ये फेज-आउट जाहीर केलं हे खरं, पण स्पेअर २०३३ पर्यंत देणार असंही त्यांनीच सांगितलंय. फेज-आउट म्हणजे उद्यापासून बंद असा अर्थ नाही. नवीन प्रोजेक्टला हे वापरू नका आणि जुन्याचा प्लॅन करा, एवढाच अर्थ. म्हणजे तुमच्या ७० लाखातला मोठा हिस्सा आज खर्च करायची गरज नाही, त्याऐवजी एक स्पेअर सीपीयू, एक पॉवर सप्लाय, प्रत्येक प्रकारचं एकेक आयओ कार्ड घेऊन ठेवा आणि घेतलेलं कार्ड नुसतं कपाटात ठेवू नका, एकदा रॅकमध्ये लावून चालतं का ते बघून मग ठेवा. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना सीपीयू स्वस्तात मिळतो, घ्या, पण टेस्ट केल्याशिवाय त्याला स्पेअर म्हणू नका.

पीएलसीत एक वेगळीच भीती असते, प्रोग्रामची. तुमच्या लॅपटॉपमधला प्रोग्राम आणि सीपीयूमधला प्रोग्राम एकच आहे का? ऑनलाइन-ऑफलाइन कम्पेअर करून बघा. मी जिथे जिथे केलंय तिथे जवळपास प्रत्येक वेळी फरक निघालाय, कोणीतरी हंगामात रात्री टायमर बदललेला असतो, इंटरलॉक बायपास केलेला असतो आणि सेव्ह करायचं राहिलेलं असतं. आणि एस७-३०० मधून नुसता अपलोड केला तर कॉमेंट आणि सिम्बॉलची नावं येत नाहीत, एम १०.३, डीबी ४५ असे नुसते मेमरीचे पत्ते दिसतात, त्यावरून बॉयलरचं लॉजिक समजून घ्यायला आठवडे जातात. म्हणून मूळ प्रोजेक्ट फाइल, कॉमेंटसकट, सोन्यासारखी जपा. अजून एक, सीपीयूतलं एमएमसी मेमरी कार्ड लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घालून विंडोजमधून फॉरमॅट करू नका, नंतर सीपीयू ते ओळखत नाही, मी अशी दोन कार्डं फुकट गेलेली बघितलीत.

आता एक्सपी. सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्याला आता दशक उलटून गेलं. नुसता सपोर्ट संपला म्हणून मी तुम्हाला पळा म्हणणार नाही. एकटा, कुठल्याही नेटवर्कला न जोडलेला एक्सपीचा पीसी आपलं काम करत राहतो. पण तो खरंच एकटा आहे का? इथे मी जरा थांबून सांगतो कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, आपणच आपली करतो. सगळे सांगतात आमची स्काडा बाहेर जोडलेलीच नाही. मी कॅबिनेटच्या मागे जाऊन बघतो तर पीसीला दोन नेटवर्क कार्ड, एक पीएलसीकडे, एक ऑफिसच्या स्विचकडे, कारण चेअरमन साहेबांना कधीतरी मोबाईलवर गाळपाचा आकडा हवा होता. शिफ्टमधली मुलं त्याच पीसीच्या यूएसबीला मोबाईल चार्जिंगला लावतात. सर्व्हिस इंजिनिअर स्वतःचा लॅपटॉप लावतो जो कालच दुसऱ्या कारखान्यात लावलेला असतो.

स्टक्सनेट हा व्हायरस २०१० मध्ये उघडकीस आला, तो इराणच्या नतान्झ अणुकेंद्रासाठी बनवलेला, पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा आणि त्याचं लक्ष्य स्टेप ७ (सीमेन्स पीएलसीचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) आणि एस७-३००, एस७-४०० हेच होतं. ते मोठ्या देशांचं भांडण म्हणून सोडून द्या. पण मे २०१७ चा वॉनाक्राय, फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, कोणाला शोधत आला नव्हता, जो सापडला त्याला धरला, रेनॉचे कारखाने थांबले, आणि मायक्रोसॉफ्टला बंद केलेल्या एक्सपीसाठी अपवाद म्हणून पॅच काढावा लागला. लगेच जून २०१७ मध्ये नॉटपेट्या आला, मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क गेलं आणि त्यात आपल्या न्हावा शेव्यातलं त्यांचं टर्मिनल पण अडकलं, कंटेनर घेऊन आलेले ट्रक जेएनपीटीबाहेर उभे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तैवानच्या टीएसएमसीसारख्या चिप कंपनीत नवीन मशीन बसवताना व्हायरस स्कॅन न करता जोडलं आणि वॉनाक्रायचाच एक प्रकार फॅक्टरीत पसरला. त्यांच्याकडे माणसं, पैसा, शिस्त सगळं होतं.

तुमच्याकडे एक खास बारीक गोष्ट तपासा. एक्सपी फाइल शेअरिंगसाठी एसएमबी १ ही जुनी भाषाच बोलतो. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून नवीन इन्स्टॉलला तो बंदच असतो. मग ऑफिसमधल्या पीसीवरून स्काडाचा रिपोर्ट उघडत नाही म्हणून कॉम्प्युटरवाला मुलगा येतो आणि ऑफिसच्या पीसीवर एसएमबी १ चालू करून देतो, सगळे खूश. वॉनाक्राय नेमका त्याच एसएमबी १ मधून पसरला होता. हे तुमच्याकडे झालेलं असेल तर दोनच मार्ग, ती वायर आज काढा, किंवा अपग्रेड आजच्या यादीत घ्या. ज्या दिवशी मॅनेजमेंट ठामपणे म्हणेल की डेटा ऑफिसला हवाच, त्या दिवसापासून एक्सपी तुमच्यासाठी संपला असं धरा.

बाहेरचं जग बदलल्यामुळे जुनी सिस्टीम मोडते, हे पण घडतं, तिला कोणी हात लावलेला नसतो तरी. ओपीसी डीए वापरणाऱ्यांना २०२३ चा मार्च आठवत असेल. ओपीसी डीए, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिस्टीममध्ये डेटा देण्याघेण्याची जुनी पद्धत, मायक्रोसॉफ्टच्या डीकॉमवर (दोन पीसींवरचे प्रोग्राम जोडणाऱ्या विंडोजच्या सोयीवर) चालते. डीकॉममधली एक सुरक्षेची फट बुजवायला मायक्रोसॉफ्टने तीन टप्प्यांत अपडेट आणलं, २०२१ च्या जूनमध्ये पर्याय म्हणून, २०२२ च्या जूनमध्ये आपोआप चालू पण बंद करता येईल असं, आणि १४ मार्च २०२३ पासून बंदच करता येणार नाही असं. माझ्या एका केमिकलच्या क्लायंटकडे दुसऱ्या दिवशी सकाळी डेटा सर्व्हरवरचे सगळे टॅग, म्हणजे प्लांटची रीडिंग, लाल. एरर ८००७०००५, अॅक्सेस डिनाइड. दोन दिवस ते युजर, पासवर्ड, फायरवॉल तपासत बसले, मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर त्यात १००३६ नंबरचा इव्हेंट ओळीने पडलेला, म्हणजे हेच. नवीन बाजूला अपडेट आला आणि जुनी बाजू ती नवीन भाषा बोलूच शकत नव्हती. अर्धा अपग्रेड केला की असं होतं, एक टोक नवीन, एक टोक जुनं, आणि मधल्या सांध्याची जबाबदारी कोणाचीच नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने करा असं मी नेहमी सांगतो पण टप्पा कुठे तोडायचा ते विचार करून ठरवा, पीएलसी आणि स्काडाच्या मध्ये तोडता येतो, ओपीसी डीएच्या दोन टोकांच्या मध्ये तोडू नका.

मग पैशाचा हिशेब. एमडींना भीती घालून काही होत नाही, आकडा द्या, पण खरा द्या. ५००० टनाचा कारखाना म्हणजे तासाला २०८ टन ऊस, ११ टक्के रिकव्हरी धरली तर २३ टनाच्या आसपास साखर. पुरवठादार याच २३ टनाला बाजारभावाने गुणतो आणि सांगतो तासाला एवढे लाख बुडाले. ते बरोबर नाही, ऊस पळून गेलेला नाही, तो उद्या गाळला जाणारच आहे. खरं नुकसान वेगळीकडे आहे. तोडलेला ऊस यार्डात वाळतो, वजन आणि रिकव्हरी दोन्ही उतरतात. पॅनमधला माल आणि टाक्यांमधला रस खराब होतो. बॉयलर परत तापवायला बगॅस (उसाचं चिपाड) जाळावा लागतो. कोजन (कारखान्यातली वीजनिर्मिती) असेल तर वीज विकायची थांबते आणि उलट महावितरणची घ्यावी लागते. वाहनांचे खोळंबे, तोडणी टोळ्या रिकाम्या बसतात, सभासद चिडतात. हे तुमच्याकडचेच आकडे घेऊन केमिस्ट आणि शेतकी अधिकाऱ्यासोबत बसून काढा, मागच्या हंगामातल्या कुठल्याही १०-१२ तासांच्या स्टॉपेजचे कागद काढले की समजतं. तो आकडा गुणिले रिस्टोअर टेस्टमधून निघालेले तास. एवढं एका पानावर असेल तर संचालक मंडळ ऐकतं, माझा अनुभव आहे, त्यांना शेतकऱ्याचा ऊस वाळतोय हे बरोबर कळतं.

अजून एक घड्याळ आहे, जे कोणत्याच पत्रात लिहिलेलं नसतं. माणसाचं. प्रत्येक कारखान्यात एक मामा असतात, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, प्लांट उभा राहिला तेव्हापासून आहेत. त्यांना माहीत असतं की डीएरेटरचा लेव्हल ट्रान्समीटर ६२ दाखवतो तेव्हा खरं ५५ असतं, एफडी फॅनचं (बॉयलरला हवा देणाऱ्या पंख्याचं) परमिसिव्ह, म्हणजे चालू व्हायची परवानगी, येत नाही तेव्हा कुठल्या टर्मिनलवर जम्पर टाकलाय, आणि कोणता अलार्म खरा कोणता खोटा. एका कारखान्यात आम्ही ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण नवीन स्काडा करून दिली आणि ट्रायलला बॅगॅसिलो (चिपाडाचा बारीक भुसा) ओढणारा फॅन चालूच होईना. दोन तास आम्ही लॉजिक बघतोय, शेवटी रिटायर झालेल्या मामांना गाडी पाठवून आणलं. त्यांनी पॅनेल उघडलं, खालच्या ओळीत बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा लिमिट स्विच बारा वर्षांपूर्वी जळला बाळा, तेव्हापासून इथून वायर फिरवलीय." ड्रॉइंगमध्ये काही नव्हतं. तुमचे मामा कधी रिटायर होताहेत? त्या तारखेच्या आधीचा ऑफ सीझन हा अपग्रेडसाठी सगळ्यात चांगला, आणि तेव्हा अपग्रेड करायचा नसेल तरी त्यांच्यासोबत वही घेऊन महिनाभर बसा, पॅनेलनिहाय, वायरनिहाय.

आता कधी करू नये. विस्तारवाढ मंजूर झालीय, दोन वर्षांत नवीन बॉयलर येणार आहे, तर आज जुन्याला पूर्ण सिस्टीम घेऊ नका, पीसीपुरता पूल बांधा. पूल म्हणजे जुना एक्सपी जसाच्या तसा नवीन मशीनवर व्हर्च्युअल करून, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या पीसीच्या आत, चालवायचा. चांगला चालतो, मी पाच-सहा ठिकाणी केलाय, पण कम्युनिकेशन कार्ड पीसीआयचं असेल तर ते व्हर्च्युअलमध्ये येत नाही, आधी पीएलसीला इथरनेट कार्ड लावावं लागतं, आणि सिरियल पोर्टवर मॉडबस असेल तर सिरियल सर्व्हर. याने हार्डवेअरची भीती जाते, विंडोजची जात नाही, हे लक्षात ठेवा. तो पूल आहे, घर नाही. आणि अर्थात हंगामात करू नये, कोणी कितीही सांगितलं की चालू प्लांटवर बदलून देतो तरी. ग्राफिक्स जुनाट दिसतात म्हणूनही करू नका, ऑपरेटरला जुनी स्क्रीन डोळे मिटून येते, नवीन थ्री-डी टाक्या बघून त्याचा हात अडखळतो.

पीएलसी बदलायची वेळ येईल तेव्हासाठी एक सांगून ठेवतो, कारण याने मला एकदा घाम फोडलाय. जुना सीपीयू प्रोग्रामची एक फेरी ४० मिलिसेकंदात मारत होता, नवीन ५ मध्ये मारायला लागला. सगळे म्हणाले वा, फास्ट झालं. त्या प्रोग्राममध्ये वीस वर्षांपूर्वी कोणीतरी स्टीम व्हॉल्व्हचा रॅम्प टायमरवर न करता प्रत्येक फेरीला थोडं थोडं वाढव असा केलेला. फेरी आठपट जलद म्हणजे व्हॉल्व्ह आठपट जलद उघडायला लागला. नशीब पाण्यावरची ट्रायल होती, स्टीम नव्हती. तेव्हापासून मी कन्व्हर्ट केलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये आधी हे शोधतो, जिथे जिथे फेरीवर मोजणी आहे तिथे ठरावीक वेळेच्या ब्लॉकमध्ये हलवतो. कन्व्हर्टर टूल हे पकडत नाही, त्याच्या दृष्टीने प्रोग्राम बरोबरच असतो. आणि सीपीयू नवीन घेतला म्हणून जुनी आयओ फेकावीच लागते असं नाही, एस७-१५०० या नवीन पिढीच्या सीपीयूला प्रोफिबस केबलवरून आयओ कार्डांचे जुने ईटी२००एम रॅक चालतात, वायरी न सोडता. पुरवठादाराने हा पर्याय सांगितला नसेल तर विचारा, आकडा बराच खाली येईल.

तर तुमच्या केसमध्ये मी काय करेन. स्काडा, पीसी आणि विंडोज येत्या ऑफ सीझनला (रिस्टोअर टेस्ट पास झाली तर दोन-तीन हंगाम थांबता येईल). पीएलसी सीपीयू त्याच्या नंतरच्या दोन ऑफ सीझनमध्ये, एकदा मिल हाऊस, एकदा बॉयलर, दोन्ही एकदम नाही. आयओ शेवटी, जेव्हा कार्डं मरायला लागतील तेव्हा, २०३३ च्या आत. नवीन पीसीवर साधा विंडोज १० घेऊ नका, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आयओटी एंटरप्राइज एलटीएससी (विंडोजची लांब सपोर्टवाली आवृत्ती) मागा, विंडोज १० ची २०२१ ची आवृत्ती जानेवारी २०३२ पर्यंत आणि विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती ऑक्टोबर २०३४ पर्यंत आहे, फक्त तुमच्या स्काडाच्या कम्पॅटिबिलिटी यादीत कोणती आहे ते आधी बघा.

तारखा उलट्या मोजा. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाण्यावरची ट्रायल संपलेली हवी, म्हणजे जुलै-ऑगस्ट प्रत्येक लूप तपासण्यात, कागदावर सही घेऊन, म्हणजे जूनमध्ये पुरवठादाराच्या ऑफिसात बसून टेस्टिंग, म्हणजे ऑर्डर मार्चमध्ये, आणि सहकारी कारखान्यात टेंडर आणि मंजुरीला जो वेळ लागतो तो धरला तर प्रस्ताव जानेवारीत मंडळासमोर. म्हणजे हंगाम ऐन भरात असताना कागद तयार करायचा आहे. बहुतेकांचं इथेच चुकतं, हंगाम संपल्यावर विषय काढतात, ऑर्डर जुलैत निघते आणि मग मोळी गव्हाणीत पडत असताना इंजिनिअर अजून ग्राफिक्स जोडत बसलेला असतो.

ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या. लायसन्स कारखान्याच्या नावावर आणि कारखान्याच्या ईमेलवर, पुरवठादाराच्या नाही. सगळे पासवर्ड आणि कुलूप न लावलेला पूर्ण प्रोजेक्ट, कॉमेंटसकट. आणि शेवटचं १० टक्के पेमेंट तेव्हाच जेव्हा तुमचा माणूस, त्यांचा नाही, कोऱ्या डिस्कवर सगळी सिस्टीम स्वतः उभी करून दाखवेल. या शेवटच्या अटीवर पुरवठादार कुरकुर करेल, सोडू नका. जुना पीसी पूर्ण एक हंगाम शेजारी तसाच ठेवा, वायर काढलेली पण चालू होणारा, आणि ट्रायलच्या दिवशी आधीच ठरवा की किती वाजेपर्यंत नवीन नाही चाललं तर जुनं लावायचं.

आणि हे सगळं व्हायच्या आधी, या आठवड्यात, बॅकअपची सीडी कपाटातून काढून एकदा पूर्ण कॉपी करून बघा.